कम्युनिटी टँकमध्ये श्रिम्प सोडावेत का? माझं मत : सोडू नयेत

रोटाला, मानपाडा :

परवा ठाण्यात वसंत विहारला एका मित्राकडे गेलो होतो. दोन फुटी टँक, झाडं बघत राहावीत अशी. क्रिप्टोकोरिन मस्त पसरलेत, मागच्या बाजूचं रोटालाचं झाड लालसर झालंय. आदल्या रविवारी त्याने वीस चेरी श्रिम्प, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या लाल कोळंब्या, आणून सोडले होते. आम्ही अर्धा तास काचेला नाक लावून बसलो तेव्हा कुठे चार दिसले, तेही लाकडामागे अंग चोरून बसलेले. टँकमध्ये मासे म्हणजे दोन एंजल, आठ निऑन आणि गुरामीची एक जोडी. दुकानदाराने सांगितलं होतं, "सगळं कम्युनिटीच आहे, बिनधास्त सोडा."

मला हे पटत नाही. मासे आपापसात भांडत नाहीत, एवढाच त्या 'कम्युनिटी'चा अर्थ. तोंडात मावेल ते मासा खाणारच, त्यात त्याची काही चूक नाही. चेरीचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम दोन मिलिमीटरचं असतं, निऑनच्या तोंडातही सहज जातं. मोठा श्रिम्प कात टाकतो तेव्हा पुढचा दिवसभर त्याचं अंग मऊ असतं. त्या दिवशी तो एंजलच्या समोर आला की संपला.

माझ्याकडे नुसत्या श्रिम्पचा एक फुटी टँक आहे. भर दुपारी मॉसवर, म्हणजे पाण्यातल्या शेवाळासारख्या झाडावर, चरत असतात, लपायचं कारणच नाही. सध्या एका मादीच्या पोटाखाली पंचवीस-तीस पिवळट अंडी आहेत. पोटाखालच्या पायांनी ती त्यांना सतत वारा घालते, मधूनच एखादं अंडं फिरवून परत जागेवर नेते. ऑफिसातून आलो की पहिली दहा मिनिटं मी तिथेच असतो. माशांच्या टँकमध्ये हे बघायला मिळत नाही, कारण ती मादी बाहेरच येणार नाही. श्रिम्प हवे असतील तर त्यांना वेगळा टँक द्या.

मॉसवाली, नेरूळ :

दादा, मला अजिबात पटलं नाही. एंजलवरून सगळ्या माशांना नावं ठेवू नका.

माझाही दोन फुटीच टँक आहे. तीन वर्षं झाली. बारा एंबर टेट्रा, चार ओटो (शेवाळ खाणारे छोटे मासे) आणि श्रिम्प. पंधरा आणले होते, आता मोजणं सोडून दिलंय. तुमच्या मित्राने क्रम चुकवला. मी आधी दोन महिने नुसती झाडं ठेवली. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू बसायला चार-सहा आठवडे लागतातच, त्यावर थोडं शेवाळही येऊ दिलं. मग एकटे श्रिम्प सोडले. त्यांची पहिली पिल्लं मोठी झाल्यावर मासे आणले, तेही जेमतेम दोन सेंटिमीटरचे. मॉस इतकं दाट ठेवते की बोट आत जात नाही. काही पिल्लं मासे खातात, नाही म्हणत नाही. पण सगळीच जगली असती तर एवढ्याशा टँकमध्ये ठेवली कुठे असती?

आणि वेगळा टँक म्हणणं सोपं आहे. दोन फुटी टँकमध्ये साधारण साठ-पासष्ट लिटर पाणी बसतं. काच, माती, दगड धरले की सहज ऐंशी किलोच्या वर जातं. वन बीएचकेमध्ये असं एक धूड मावतं. दुसऱ्यासाठी घरच्यांना काय सांगायचं?

काका, कासारवडवली :

तुम्ही दोघंही माशांवरून वाद घालताय. आमच्या घोडबंदर पट्ट्यात श्रिम्प मरतात ते पाण्याने.

गेल्या वर्षीचा एप्रिल. सोसायटीत पालिकेचं पाणी कमी पडलं की टँकर येतो. दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं आणि नळाला कोणतं आलं ते कळायला मार्ग नसतो. मी नेहमीसारखं शनिवारी अर्धं पाणी बदललं. रविवारी सकाळी अकरा श्रिम्प मेलेले. चार-पाच जणांच्या मानेशी पांढरं कडं होतं. कात अर्धी फाटलेली आणि जीव आत अडकून गेलेला. मासे मजेत फिरत होते, रासबोरा तर खायला मागत वर येत होते.

नंतर टीडीएस पेन आणलं, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं. पालिकेच्या पाण्याचं रीडिंग नव्वदच्या आसपास, टँकरच्या दिवशी तीनशे ऐंशी. पालिकेचं पाणी म्हणजे धरणात साठलेला पाऊस, मृदू. टँकरचं बहुतेक बोअरचं, जड. माशाला एवढा फरक सोसतो. श्रिम्पला पाणी एकदम बदललं की अवेळी कात टाकावी लागते, आणि खालचं नवीन कवच तयार नसेल तर तो त्यातून सुटत नाही. आता मी आठवड्याला दहा टक्केच बदलतो, पेन बुडवल्याशिवाय नाही, आणि नवीन पाणी नळीतून थेंब थेंब सोडतो.

आणखी एक सांगतो. वरच्या टाकीची सफाई असते तेव्हा ब्लीचिंग पावडर पडते. लिफ्टशेजारची नोटीस वाचत जा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी टँकमध्ये नवीन पाणी घालू नका. एरवीही हायपो (क्लोरीन घालवणारं औषध) टाकल्याशिवाय नळाचं पाणी वापरू नका.

मॉसवालीताई, तुमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं. टँकरची कटकट नाही. तुमच्या यशात मॉसइतकाच त्याचाही वाटा असेल.

मॉसवाली, नेरूळ :

काका, हे मान्य. मी कधी टीडीएस मोजलाच नाही, तशी वेळच आली नाही.

देशी मासे, कळवा :

मला उन्हाचं बोलायचंय. निऑनला वीस ते सव्वीस अंश लागतं. मे महिन्यात माझ्या हॉलमधलं पाणी एकतीसला जातं. चेरीही मूळचे चीन-तैवानकडचे, अठ्ठावीसच्या वर ते सुस्तावतात, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. पाण्यावर छोटा पंखा लावला की कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरतात, पण ठाण्याच्या दमट हवेत तेवढं होत नाही. निऑनऐवजी झेब्रा डॅनियो, रोझी बार्ब ही आपल्याकडची मंडळी ठेवा की. रोटाला मॅक्रँड्राही मूळची भारतातलीच आहे. फक्त बार्ब असतील तिथे श्रिम्प ठेवू नका, इथे मी मानपाड्याच्या बाजूने.

आणि हात जोडून एक विनंती. श्रिम्प जास्त झाले, काचेला चिकटणारा सकर मासा मोठा झाला, म्हणून मासुंदा किंवा उपवन तलावात नेऊन सोडू नका. सकरने आपल्याकडच्या किती तळ्यांत ठाण मांडलंय ते जाळं टाकणाऱ्या कोणालाही विचारा. एकही गिऱ्हाईक नाही मिळालं तर दुकानात फुकट द्या.

रोटाला, मानपाडा :

काकांचा अनुभव वाचून वाईट वाटलं. पण काका, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. मासे असले की खाणं जास्त पडतं, घाण जास्त होते आणि पाणी जास्त बदलावं लागतं. त्याची किंमत श्रिम्प मोजतात. पावसाळ्यात माशांवर पांढरे ठिपके आले की आपण औषध टाकतो. काही औषधांत तांबं असतं. द्राक्षबागेत बुरशीवर फवारायच्या बोर्डोमध्ये जे मोरचूद घालतात, तेच. मासा त्याने बरा होतो, श्रिम्प मरतो. एकाच पाण्यात दोघांना ठेवलं की एकाला वाचवताना दुसरा जातो.

मॉसवाली, नेरूळ :

आजारी मासा बाहेर काढायचा आणि औषध बाहेर द्यायचं. माझ्याकडे बारा लिटरचा टब आहे, नवीन मासाही आधी तीन आठवडे त्यातच राहतो. त्यासाठी कायमचा दुसरा टँक मांडावा लागत नाही, काम झालं की टब पलंगाखाली जातो.

ज्यांना मोठे मासेच हवेत, त्यांनी अमानो श्रिम्प घ्यावेत. जपानचे ताकाशी अमानो झाडांच्या टँकमध्ये शेवाळ खायला हे ठेवत, म्हणून ते नाव. चार-पाच सेंटिमीटरचे होतात, टेट्रा त्यांच्या वाटेला जात नाहीत. त्यांची पिल्लं खाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत, त्यामुळे टँकमध्ये त्यांची संख्या वाढणार नाही एवढंच. एंजलसमोर मात्र त्यांचीही खात्री मी देणार नाही.

वाशी सेक्टर १७ :

पेस्ट कंट्रोल आणि धूर फवारणी राहिली. डासांची गाडी आली की खिडक्या लावा आणि एअर पंप बंद करा. पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ओढतो. झुरळांच्या स्प्रेने माझे सगळे श्रिम्प एका रात्रीत गेले.

काका, कासारवडवली :

मानपाडेकर, मित्राला दोन गोष्टी विचारा. श्रिम्प सोडल्यावर पाणी कधी बदललं? आणि फिल्टरच्या मागे, लाकडाखाली काय सापडतं? कात असेल तर पारदर्शक आणि पोकळ दिसते. मेलेला असेल तर गुलाबी, उकडलेल्या कोळंबीसारखा. एंजलने खाल्ला तर यातलं काहीच उरत नाही.

रोटाला, मानपाडा :

आत्ता फोन झाला. त्यांच्याकडे मंगळवारी टँकर आला होता, आणि त्याच संध्याकाळी त्याने अर्धं पाणी बदललं.

फिल्टर हलवल्यावर मागे सात मिळाले. सगळे गुलाबी, अख्खे. बाकीचे नऊ सापडले नाहीत. वेगळ्या टँकबद्दलचं माझं मत आहे तेच आहे. पण त्याला पहिल्यांदा पेन घ्यायला सांगितलंय, आणि माझ्या टँकमधली दहा पिल्लं मोठी झाली की त्याला देणार आहे. एंजल तोवर दुसरीकडे जाणार आहेत.