मदत हवी आहे: लामूची मौलिदी (केनिया) – तारीख, मुक्काम, आईचे गुडघे

केतकी_१२
नमस्कार मंडळी. सप्टेंबर २०२६ मध्ये केनियाच्या लामू बेटावर मौलिदीला (पैगंबर जयंतीचा तिथला उत्सव) जायचा विचार आहे. आम्ही दोघं, १३ वर्षांची मुलगी आणि ६६ वर्षांची आई. मुंबईहून नैरोबीला थेट विमानाने जाणार, एवढंच ठरलंय. १४ सप्टेंबरला घरी गणपती, त्यामुळे १२ च्या रात्रीपर्यंत परतीच्या वाटेला लागायलाच हवं.
अडलंय ते असं: मौलिदीची पक्की तारीख कुठेच सापडत नाही. लामूच्या जुन्या गावात राहावं की शेलाच्या किनाऱ्यावर? आईचे गुडघे दुखतात, होडीत चढउतार जमेल का? आम्ही शाकाहारी आहोत. आणि नोव्हेंबरमधला लामू कल्चरल फेस्टिव्हल आमच्यासारख्यांना जास्त सोयीचा पडेल का?

खारवारा
तारीख सापडत नाही कारण ती चंद्र दिसण्यावर ठरते. बाकी जगात बहुतेक ठिकाणी मौलिद रबीउल अव्वल या इस्लामी महिन्याच्या १२ तारखेला, म्हणजे आपल्या कॅलेंडरातल्या ईद-ए-मिलादला. लामूत मात्र मुख्य सोहळा त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात असतो आणि शेवटच्या गुरुवारी-शुक्रवारी त्याचा कळस होतो. २०२६ मध्ये हा महिना साधारण १४ ऑगस्टला लागून ११-१२ सप्टेंबरला संपतो. म्हणून १० आणि ११ सप्टेंबर धरून चाला. मुक्कामाच्या घरमालकाकडून ऑगस्टअखेरीस खात्री करून घ्या.

आता महिनाअखेर म्हणजे अमावास्या, आणि अमावास्या म्हणजे उधाण. मौलिदीचा शेवट बहुतेक वर्षी उधाणाच्या आसपासच येतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. या किनाऱ्यावर उधाणाला भरती-ओहोटीत तीन मीटरच्या आसपास फरक पडतो. भरती साधारण पहाटे चार आणि दुपारी चारला, ओहोटी सकाळी दहा-अकराला. आईंच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हेच. विमानतळ समोरच्या मांडा बेटावर आहे, तिथून होडीने लामूला यायचं. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि होडी पार खाली जाते. भरतीला तीच होडी धक्क्याच्या वरच्या पायऱ्यांशी लागते. दुपारचं विमान घ्या, दोन ते पाचच्या दरम्यान पाणी ओलांडा. त्या आठवड्याचं भरतीचं वेळापत्रक छापून जवळ ठेवा.

मुक्काम जुन्या गावातच. शेला सुंदर आहे, पण तीन किलोमीटरवर, पायी चाळीस मिनिटं. उधाणाच्या भरतीला किनाऱ्याची वाट ठिकठिकाणी पाण्याखाली जाते, मग होडीशिवाय गत्यंतर नाही. कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालतात, रोज अंधारात होडी शोधणं आईंना झेपणार नाही. खोली मागताना तळमजला किंवा पहिला मजला असं स्पष्ट सांगा. तिथल्या दगडी घरांचे जिने उभे आणि अरुंद असतात, आणि पाहुण्यांना कौतुकाने गच्चीजवळची खोली देतात.

पाऊलवाट
कागदपत्रं आणि प्रवासाचं लिहितो.

पीतज्वराची (यलो फीवरची) लस घ्याच. केनियाहून भारतात परतताना प्रमाणपत्र मागतात आणि नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणजे गणपती तिथेच! प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, नंतर आयुष्यभर चालतं. सरकारमान्य केंद्रांवर रांगा असतात, म्हणून जुलैमध्येच घ्या. साठीपुढे पहिल्यांदा ही लस देताना डॉक्टर जास्त काळजी घेतात. आईंचं आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, बाकीचं आरक्षण त्यानंतर. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा.

केनियाला व्हिसाऐवजी आता ऑनलाइन ईटीए (प्रवासाआधीची परवानगी) घ्यावं लागतं, मुलीचंही वेगळं. निघण्याआधी पाठपुरावा करायला दोन आठवडे हाताशी ठेवा.

नैरोबीत दोन विमानतळ आहेत. मुंबईचं विमान जोमो केन्याटाला उतरतं, लामूची बरीच छोटी विमानं विल्सनहून सुटतात. मधल्या रस्त्यावर वाहतूक तुंबते, त्यामुळे दोन विमानांत निदान पाच तास ठेवा किंवा जोमो केन्याटाहूनच सुटणारं लामूचं विमान शोधा. विल्सनच्या विमानांत साधारण १५ किलो सामान, तेही मऊ पिशवीत. कडक ट्रॉलीबॅग नाकारतात.

रस्त्याने जाऊ नका. गार्सेन-विटू-मोकोवे मार्ग आता डांबरी आहे, पण लामू जिल्ह्याच्या मुख्यभूमीवर हल्ले झालेले आहेत (२०१४ मधला म्पेकेटोनी गावावरचा त्यातलाच). बेटाची आणि त्या रस्त्याची परिस्थिती वेगळी आहे, तरी निघण्याआधी ताज्या सूचना वाचा.

सुंठमिरी
केतकीताई, काय बघायचं ते सांगते, कारण यातच लोक चुकतात. गाढवांच्या शर्यतीचे फोटो काढून परत येतात आणि खरी मौलिदी राहून जाते.

सोहळ्याचं केंद्र रियाधा मशीद. हबीब सालेह या धर्मगुरूंनी ती उभी केली आणि डफाच्या साथीने मौलिद म्हणायची रीत तिथेच रुजवली. रात्रीच्या नमाजानंतर मशिदीसमोर तरुणांच्या समोरासमोर ओळी बसतात, डफ खांद्याच्या उंचीला येतात, आणि गाणं चढेल तशा दोन्ही ओळी एकदम डोलू लागतात. दिवसा ‘गोमा’ शोधा: पांढरा कंझू (पायघोळ झगा), डोक्यावर कोफिया (टोपी) आणि हातात काठी घेतलेली वडीलधारी माणसं एका रांगेत इतकी सावकाश झुलतात की आधी ती नुसती उभीच आहेत असं वाटतं. पाच मिनिटं बघितलं की काठ्यांची लय कळते. शेवटच्या दिवशी हबीब सालेह यांच्या कबरीचं दर्शन आणि मग मिरवणूक. ती चुकवू नका, पण कडेला उभं राहून बघा. वाट अडवू नका.

तुम्ही दोघी आणि आई, तिघींना खांद्यापासून घोट्यापर्यंत सैल कपडे आणि ओढणी हवी. पंजाबी ड्रेस उत्तम. बायकांची बसायची जागा वेगळी असते, तिथे बहुतेक वेळा आपुलकीने बोलावतात. मशिदीच्या आत मात्र विचारूनच. बुरख्यातल्या बायकांचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, मुलीलाही हे नीट सांगून ठेवा.

जेवणाची चिंता नको. सकाळी म्हामरी (वेलचीचे फुगलेले वडे) आणि म्बाझी, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेली तूर. आपल्या माणसाला परकं वाटणारच नाही. दुपारी वाली वा नाझी हा नारळाच्या दुधातला भात, माहाराग्वे हा राजम्यासारख्या घेवड्याचा रस्सा, म्चिचा ही पालेभाजी, चपाती. ‘सीली न्यामा वाला समाकी’ (मी मांस-मासे खात नाही) एवढं पाठ करा, कारण नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर मासे येतात. उत्सवातला पिलाव मांसाचाच असतो.

आणि घड्याळ! तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. होडीवाला ‘सा तिसा’, म्हणजे नऊ, म्हणाला तर ते दुपारचे तीन. ठरवताना ‘सकाळी की दुपारी’ विचारून मोबाइलवर वेळ दाखवा.

केतकी_१२
खूप आभार, उधाणाचं डोक्यातच नव्हतं. गाढवांची शर्यत मुलीला बघायचीच आहे, कुठून बघावी? आणि नोव्हेंबरचं राहिलं.

पाऊलवाट
माझं मत नोव्हेंबरच्या बाजूने. कल्चरल फेस्टिव्हल पाहुण्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेला असतो. बरेच कार्यक्रम दिवसा, किल्ल्यासमोरच्या चौकात: मेंदी, स्वाहिली कविता, बाव या पटावरच्या खेळाच्या लढती (३२ खळगे, ६४ बिया, मुलीला नक्की आवडेल). आईंना बसायला सावलीही मिळेल. खोट एकच, तारखा उशिरा जाहीर होतात, त्यामुळे विमानं महाग पडतात. शिवाय तो तिथल्या छोट्या पावसाळ्याचा काळ.

सुंठमिरी
सोयीचं म्हणाल तर मान्य. पण नोव्हेंबरचा उत्सव आपल्याला दाखवण्यासाठी असतो, मौलिदी गावाची स्वतःची. साऱ्या पूर्व आफ्रिकी किनाऱ्यावरून लोक भक्तीने येतात. आईंना भजन-कीर्तनाची आवड असेल तर त्यांना मौलिदीच भावेल. फक्त रात्रीचा एकच कार्यक्रम ठरवा आणि दुपारी झोप घ्या.

खारवारा
शर्यत किनाऱ्याच्या वाटेवरून होते. स्वार खोगिराशिवाय बसतात, वाट अरुंद आणि गाढवं मध्येच गर्दीत शिरतात. पाण्याकडच्या काठावर उभं राहू नका, मागे वळायला जागा नसते. घरांसमोरच्या दगडी ओट्यावर अर्धा तास आधी जागा धरा, किंवा किनाऱ्यावरच्या पहिल्या मजल्याच्या खानावळीची खिडकी. पहिला मजला आईंना जमेल. शिडाच्या होड्यांची शर्यतही तिथूनच दिसते, शिडं फिरवून वळसा घेतात तो क्षण बघण्यासारखा.

रोख शिलिंग नैरोबीतूनच न्या. बेटावर एटीएम मोजकी आहेत, गर्दीच्या आठवड्यात त्यांतली रोकड संपू शकते. परतीचं विमान १२ च्या सकाळचं असेल तर ओहोटी आड येईल: सकाळी साडेसहापर्यंत होडीत बसा, पाणी तोवर बऱ्यापैकी वर असतं. विमानाला दोन तास असले तरी मांडाला सावलीत बसून काढा.