मदत हवी आहे: व्हिममध्ये मॅन पेज उघडलं की शब्दांना १एम, ०एम चिकटून येतंय

नमस्कार मंडळी,

कामाच्या मशीनवर लिनक्सचं नवीन व्हर्जन टाकलंय आणि तेव्हापासून मॅन पेज (कमांडची माहिती देणारी पानं) वाचणं अवघड होऊन बसलंय. मी मॅन पेज लेसमध्ये (नेहमीचा पेजर, म्हणजे मजकूर पान-पान दाखवणारा प्रोग्रॅम) न वाचता व्हिम या एडिटरमध्येच वाचतो, कारण शोधणं, हायलाइट, एका पानावरून दुसऱ्यावर जाणं सगळं तिथल्या तिथे होतं, आणि त्यासाठी बॅशआरसीत (शेलच्या सेटिंगची फाइल) मॅनपेजर व्हेरिएबलची (मॅन पेज कशात उघडायचं ते सांगणारं) एक जुनी ओळ आहे, आधी 'कोल मायनस बी' आणि तिथून पाइप करून (म्हणजे त्याचं आउटपुट पुढे देऊन) व्हिम, फाइलटाइप मॅन. वर्षानुवर्षं ही ओळ नीट चालली.

आता 'मॅन एलएस' केलं की 'नेम' हे हेडिंग '१एमनेम०एम' असं दिसतं. जिथे अंडरलाइन असायची तिथे शब्दाच्या आधी ४एम, नंतर २४एम. ऑप्शन्सच्या यादीत तर कुठला आकडा ऑप्शनचा आणि कुठला कचऱ्याचा हेच कळत नाही.

लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) बघितलं, यूटीएफ-८च आहे. टर्म व्हेरिएबल (टर्मिनलचा प्रकार सांगणारं) बदलून बघितलं, बाकीचे सगळे प्लगिन बंद केले, कलरस्कीम काढली, काही फरक नाही. गंमत म्हणजे आधी व्हिम उघडून आतून कोलन मॅन एलएस केलं की तेच पान एकदम स्वच्छ येतं!

अजून एक, याच्याशी संबंध आहे का माहीत नाही. काही पानांवर मायनस आर वगैरे ऑप्शन डोळ्यांना समोर दिसतो पण स्लॅश मारून शोधला तर सापडत नाही म्हणतो. सगळ्या पानांवर नाही, काहीच.

आमच्या सर्व्हरवरून बाहेरचं इंटरनेट बंद आहे, टीममधल्या नवीन मुलांना मी मुद्दाम मॅन पेज वाचायची सवय लावतोय, त्यामुळे हे नीट व्हायलाच हवंय. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १:

हे एस्केप कोड आहेत, बोल्ड चालू, बोल्ड बंद असे. मॅन पेज फॉरमॅट करतो ग्रॉफ. पूर्वी बोल्ड करायची पद्धत टाइपरायटरची होती, अक्षर, बॅकस्पेस, परत तेच अक्षर. 'कोल मायनस बी' ते बॅकस्पेस काढून टाकायचं म्हणून तुमची ओळ चालत होती. ग्रॉफने २००२ मध्ये १.१८ पासून एस्केप कोड सुरू केले पण बऱ्याच डिस्ट्रोंनी (लिनक्सचे वेगवेगळे प्रकार) ते बंद करून ठेवले होते. २०२३ ला १.२३ आलं त्यानंतर काहींनी ते बंधन काढलं. कोलला हे कोड कळत नाहीत, ते एस्केप आणि चौकटी कंस खातं आणि मागे १एम तसंच सोडतं.

खात्री करायची तर मॅनपेजरला तात्पुरतं 'कॅट मायनस व्ही' देऊन बघा, प्रत्येक हेडिंगच्या आधी टोपी आणि दोन चौकटी कंस दिसतील.

व्हिमच्या आतून स्वच्छ येतं कारण तेव्हा आउटपुट थेट टर्मिनलवर जात नाही, पाइपमध्ये जातं, आणि मॅन-डीबी (मॅन कमांड पुरवणारं पॅकेज) अशा वेळी फॉरमॅटिंग स्वतःच काढून टाकतं. पेजर असला की टर्मिनलच आहे असं धरतं.

उपाय: बॅशआरसीत मॅनरॉफऑप्ट हे व्हेरिएबल (सलग, सगळं कॅपिटल) एक्स्पोर्ट करा, व्हॅल्यू मायनस सी. ग्रॉफ परत बॅकस्पेसवर येईल.

प्रतिसाद २:

वरचं बरोबर आहे पण मी म्हणेन कोल काढूनच टाका. व्हिमसोबत मॅनपेजरचा प्लगिन येतो, तो बॅकस्पेस आणि एस्केप कोड दोन्ही साफ करतो. मॅनपेजरमध्ये फक्त व्हिम, मग प्लस मॅनपेजर (कॅपिटल), मग दोन मायनस लावून नॉट-ए-टर्म, शेवटी एक सुटा मायनस. उद्या डिस्ट्रोने परत काही बदललं तरी अडणार नाही.

शोधण्याचा प्रॉब्लेम वेगळा आहे. त्या मायनसवर कर्सर नेऊन जीए दाबा (व्हिम त्या अक्षराचा कोड दाखवतं), काय आकडा येतो सांगा.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार! प्रतिसाद २ मधली ओळ टाकली, पान आरशासारखं स्वच्छ झालं, हायलाइटसकट. जीए दाबल्यावर ८२०८, हेक्स २०१० आलं. दुसऱ्या पानावर जिथे सापडतं तिथे ४५.

प्रतिसाद २:

मग तेच. ८२०८ म्हणजे छापील हायफन, कीबोर्डवरचा मायनस ४५. पान लिहिणाऱ्याने बॅकस्लॅश लावून मायनस लिहिला असेल तर ४५ येतो, नुसता लिहिला असेल तर ग्रॉफ १.२३ त्याचा हायफन करतं, म्हणून काहीच पानांवर होतंय. अशा पानावरून कमांड कॉपी करून चालवू नका, ऑप्शन म्हणून ओळखलाच जाणार नाही. ग्रॉफच्या मॅन डॉट लोकल फाइलमध्ये ही ओळ टाका: डॉट कॅर - \- (कॅर इंग्रजी स्मॉलमध्ये, डॉटला चिकटून). फाइल बहुतेक ईटीसीच्या आत ग्रॉफ फोल्डरमध्ये असते. पुढे पॅकेज अपडेट होताना ही फाइल बदलू का असं विचारलं तर तुमचीच ठेवा.