मदत हवी: एफ७ मारल्यावर पुढं काय खेळायचं?

सत्तरीकर
बुद्धिबळवाल्यांनो, जरा लवकर सांगा. पुढच्या रविवारी म्हापशाला स्पर्धा आहे. मी पांढऱ्यानं इटालियन सुरुवात खेळतो. घोडा जी५ला आणतो, काळ्या राजाजवळचं एफ७चं प्यादं मारतो, हत्ती खातो, राजाला ओढून बाहेर काढतो. इथवर झकास. तिथून पुढं हल्ला कुठं विरतो कळत नाही आणि मीच हरतो. काल फोंड्यात सहा फेऱ्यांत चार डाव असे घालवले. शेवटचा एका दहा वर्षांच्या मुलीशी. खुर्चीवरून तिचे पायसुद्धा टेकत नव्हते. मारल्यानंतरची नेमकी चाल हवी आहे. बेसिक नको, ते येतं.

कुळागर
काळ्यानं काय काय खेळलं होतं? उंट सी५ला होता का? त्यानं किल्लेकोट करून राजा हत्तीच्या आडोशाला नेला होता का?

सत्तरीकर
नेहमीचंच खेळतात हो सगळे. मी विचारतोय माझी पुढची चाल.

कुळागर
नेहमीचं म्हणजे काय ते लिहा, मग सांगतो.

लंडनवाला
इटालियन सोडा. लंडन सिस्टीम धरा. डी४, उंट एफ४, ई३, सी३, समोरचा काहीही करो. मी दोन वर्षं दुसरं काही खेळलेलो नाही, डोक्याला ताप नाही.

बलिदान
हल्ला विरतो कारण तुम्ही मध्येच कच खाता. राजा एफ७ला आलाय ना? वजीर एच५, शह! मोहरे मोजत बसणारे हल्ला करत नाहीत. मिखाईल ताल असाच १९६०मध्ये विश्वविजेता झाला.

कुळागर
आणि १९६१च्या परतीच्या सामन्यात बोट्विनिकनं ते पद परत घेतलं, तेही लिहा. बाकी वजीर एच५ला गेला तर एफ६चा घोडा त्याला फुकटात खाईल.

बलिदान
घोडा एफ६ला आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?

कुळागर
म्हणून तर मघापासून विचारतोय!

सत्तरीकर
बरं, भांडू नका. त्या मुलीबरोबरचा डाव कागदावर लिहून ठेवलाय. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ उंट सी५, माझा किल्लेकोट, तिचा घोडा एफ६. मी घोडा जी५. तिनं किल्लेकोट केला. घोड्यानं एफ७ खाल्लं, हत्तीनं घोडा, उंटानं हत्ती शह देऊन, राजानं उंट. घोडा तीन, उंट तीन, झाले सहा. हत्ती पाच आणि प्यादं एक, तेही सहा. मग हरलो कसा?

कुळागर
आता बोलता येईल. सुरुवातीला एफ७ला फक्त राजाचा आधार असतो, म्हणून सगळ्यांना तिथं मारावंसं वाटतं. तिनं किल्लेकोट केला तेव्हा राजा आणि हत्ती दोघं राखायला आले. तुमचे मारणारेही दोनच. मारामारी संपली तेव्हा शिल्लक काय? तुम्ही सात चाली खेळलात, त्यातल्या पाच त्या घोड्यावर आणि उंटावर गेल्या आणि ते दोघंही पटावर नाहीत. तिचे दोन घोडे आणि उंट बाहेर. तुमच्या वजिराच्या बाजूचं एकही मोहरं हललेलं नाही. राजा उघड्यावर आहे म्हणता, पण त्याला शह देणार कोण?

सहा-सहाचा हिशेब शेवटाकडे, पट मोकळा झाल्यावर कधी कधी पटतो. मधल्या खेळात दोन मोहरे एका हत्तीला भारी पडतात. हत्तीला उघडी रांग लागते, ती आठव्या चालीला कुठून मिळणार?

बलिदान
फ्राइड लिव्हर हल्ल्यात हाच घोडा एफ७वर मारतात आणि पांढरा जिंकतो. सगळी पुस्तकं चुकीची का?

कुळागर
त्यात काळ्याचा उंट सी५ला नसतो आणि किल्लेकोटही झालेला नसतो. घोडा जी५, काळा डी५, प्याद्यानं प्यादं घेतलं आणि काळ्यानं ते घोड्यानं परत घेतलं, तरच. मग एफ७ला राजानं घोडा खाल्ला की वजीर एफ३, एकाच चालीत शह आणि डी५च्या घोड्यावर मार. तो घोडा राखायला राजाला ई६ला, भर बाजारात यावं लागतं. तिथं तुमचा उंट सी४ला जिवंत आहे. ह्यांनी तो आधीच देऊन टाकलाय. आणि शहाणा काळा तो घोडा घेतच नाही, घोडा ए५ खेळून उंटावर जातो.

मांडवीपार
तळलेली कलेजी! गोव्यात ह्या हल्ल्याला सोरपोतेल म्हणायला हवं होतं, त्यातही कलेजी असते. आदल्या दिवशी करून ठेवायचं, घाई केली की बिघडतं.

कायदेपंडित
किल्लेकोट करताना आधी राजा उचला, मग हत्ती. एकाच हातानं. पुष्कळ जण दोन्ही हात लावतात. घड्याळही त्याच हातानं दाबायचं.

सत्तरीकर
हे कुणी विचारलं? पण नियम निघालाच आहे म्हणून सांगतो. पुढं मी डी३, तिनं डी६, माझा घोडा सी३, तिचा उंट जी४, माझ्या वजिरावर. मी एफ३ करून उंटाला हाकलला. तिनं घड्याळ थांबवून हात वर केला. सी५च्या उंटापुढं माझं प्यादं बांधलेलं होतं, हललं की राजाला शह. बेकायदा चाल! तिला दोन मिनिटं जादा. मग वजीर ई१, तिचा घोडा डी४, तिथून सी२चं प्यादं खाऊन वजीर आणि हत्ती दोघांवर. ती एवढा वेळ माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, पंख्याकडे बघत होती.

कायदेपंडित
दोन मिनिटं बरोबर. ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव, असता तर एक.

लंडनवाला
लंडनमध्ये हे होत नाही.

पेडणेकर आई
विषय थोडा वेगळा आहे. २०२५चा वर्ल्ड कप गोव्यात झाला तेव्हापासून मुलगा मागं लागलाय. वय सात. क्लासला घालायचं योग्य वय कोणतं?

मांडवीपार
मॅडम, त्या वर्ल्ड कपात आपला विश्वविजेता गुकेश तिसऱ्या फेरीत बाहेर पडला आणि कप उझबेकिस्तानचा सिंदारोव घेऊन गेला. वयाचं सोडा, हरून आल्यावर जेवतो का ते बघा. जेवत असेल तर घाला.

कुळागर
सत्तरीकरबाब, रविवारसाठी एवढंच: चौथ्या-पाचव्या चालीला जी५ नको. डी३, सी३, वजिराच्या बाजूचा घोडा डी२ला, हत्ती ई१. मारायचंच असेल तर तिसरं मोहरं तिथं पोचल्यावर.

बलिदान
म्हणजे झोपा काढा.

सत्तरीकर (गुरुवारी)
डी३ करून भाच्याबरोबर बसलो. कंटाळवाणं आहे, पण ठीक. गंमत म्हणजे त्यानंच घोडा जी४ला आणला, माझाच डाव बघून शिकलाय. मी एच३ केलं. त्यानं एफ२ मारलं, हत्तीनं घोडा, उंटानं हत्ती, राजानं उंट. आता माझ्याकडे दोन मोहरे जास्त, त्याच्याकडे हत्ती आणि प्यादं. वीज गेली म्हणून पट तसाच मांडून ठेवलाय. पुढं काय खेळायचं?

कुळागर
राजा जी१. मग वजिराकडचा घोडा काढा.

बलिदान
वजीर एच५!

कुळागर
एफ३ला त्यांचाच घोडा उभा आहे हो, वजीर जाणार कुठून?