पिरॅमिड्स ऑफ मार्स: १९८० चा तो सीन नक्की कसा समजायचा?

निळी_पेटी:
काल डॉक्टर हू या ब्रिटिश टीव्ही मालिकेतली पिरॅमिड्स ऑफ मार्स ही गोष्ट पहिल्यांदाच बघितली, चारही भाग सलग. १९७५ ची, टॉम बेकर म्हणजे काळात फिरणारा डॉक्टर आणि एलिझाबेथ स्लेडन म्हणजे त्याच्यासोबतची सारा. एवढी जुनी सिरीयल म्हणून भीती वगैरे वाटेल असं धरलंच नव्हतं पण रात्री झोप लागेना. एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाहीये. सगळं घडतंय १९११ मधे, आणि सारा म्हणते आपण निघू या ना इथून, मी १९८० ची आहे, जग १९११ मधे संपलं नाही हे मला माहितीये. मग डॉक्टर तिला टार्डिसमधून, म्हणजे त्याच्या कालयंत्रातून, १९८० ला घेऊन जातो आणि दार उघडलं तर बाहेर नुसती उजाड पृथ्वी आणि वादळ. आता जग १९११ मधेच संपलं असेल तर सारा जन्मालाच यायला नको ना, मग ती त्या दारात उभी कशी? ही लेखकाची चूक आहे की माझंच काहीतरी सुटलं?

अर्धा_डबा_पट्टी:
चूक नाही वाटत मला. त्याच सीनमधे त्यांच्यासोबत आलेला १९११ चा लॉरेन्स विचारतो की भविष्य निवडता येतं का, तर डॉक्टर म्हणतो निवडता नाही, पण घडवता येतं, साधा माणूस थोडंफार इकडचं तिकडे करू शकतो पण भविष्यच पुसून टाकायला सुतेखएवढी, म्हणजे कैदेतून सुटू बघणाऱ्या त्या खलनायकाएवढी, ताकद लागते. म्हणजे साराला आठवतंय ते १९८० खरंच होतं, पण सुतेख मोकळा सुटला तर ते उरणार नाही. ती स्वतः कशी टिकली याचं उत्तर गोष्ट देत नाही आणि मला ते लागतही नाही, कारण त्या सीनचं काम वेगळंय. इतिहासात घडणारी कुठलीही गोष्ट बघताना आपल्याला आतून माहीत असतं की जग काही बुडालेलं नाही, आपण आहोत की इथे. तो आधारच दोन मिनिटांत काढून घेतलाय. त्यानंतर १९११ च्या त्या बंगल्यातली, सुतेखसाठी काम करणारी प्रत्येक ममी जास्त भयानक वाटायला लागते.

कंदील:
भीतीचं म्हणाल तर मला ममींची नाही वाटली, त्या शेवटी यंत्रंच, पट्ट्या गुंडाळलेले रोबो. जुन्या ब्रिटिश भयपटांचा सगळा साज आहे, थडगं, ऑर्गन, जुनी हवेली (शूटिंग स्टारग्रोव्ह्ज नावाच्या खऱ्या हवेलीत झालं, तेव्हा ती गायक मिक जॅगरची होती). पण खरी भीती लॉरेन्स आणि मार्कस या दोन भावांची. मार्कस आधीच मेलाय, सुतेख त्याचं प्रेत चालवतोय, आणि लॉरेन्सला ते पटतच नाही. सुतेखचा ताबा तोडायचा तर भाऊ जाईल म्हणून तो डॉक्टरच्या कामात आडवा येतो. मग मार्कसला लहानपणीचा फोटो दाखवतो, आणि एक क्षण वाटतं की ओळख पटली, भाऊ असं तो म्हणतोही, आणि लगेच त्याच हातांनी लॉरेन्सचा जीव घेतो. नंतर प्रेत सापडल्यावर सारा हळहळते तर डॉक्टर म्हणतो मी त्याला आधीच सांगितलं होतं. तो कोरडेपणा मला अजून टोचतो.
आणि सुतेखला दिलेला गॅब्रिएल वुल्फचा आवाज! सुतेख जवळजवळ सगळा वेळ मुखवटा घालून एका जागी बसलेला, हलता येत नाही, आणि तरी नुसत्या हळू, मऊ आवाजावर अख्खी गोष्ट पेललीये. २०२४ मधे सुतेख परत आला तेव्हाही आवाज त्यांचाच घेतला.

प्रकाशमिनिट:
शेवटाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. सुतेखला बांधून ठेवणारा सिग्नल मंगळावरून येतोय, तिथला होरसचा डोळा, म्हणजे तो सिग्नल पाठवणारी वस्तू, फुटतो, सगळं संपलं असं वाटतं, पण निघालेल्या शेवटच्या रेडिओ लहरी पृथ्वीवर पोचेपर्यंत सुतेख अजून बांधलेलाच असतो आणि डॉक्टर तेवढ्या फटीत धावत परत येतो. गोष्टीत हा वेळ दोन मिनिटं धरलाय. मंगळ अगदी जवळ असताना साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास असतो, लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे कमीत कमी तीन मिनिटं होतात आणि लांब असताना वीसच्याही वर. म्हणजे आकडा थोडा कमी झाला पण कल्पना शंभर टक्के खरी. देवासारख्या राक्षसाला मंत्राने नाही तर प्रकाशाच्या वेगाने हरवलंय, आणि तरी मी ही गोष्ट भुताच्या गोष्टींच्याच कप्प्यात ठेवतो.

निळी_पेटी:
आधार काढून घेतला हे वाचल्यावर एकदम लख्ख झालं, मी गणित सोडवत बसलेले. आत्ता तो सीन परत लावला. यावेळी दाराबाहेर बघितलंच नाही, साराचा चेहरा बघत होते. डॉक्टर तिला विचारतो आता काय करायचं, आणि ती म्हणते परत जायलाच हवं.