मदत हवी आहे: ‘जतन’ म्हणू की ‘संवर्धन’?

नमस्कार मंडळी. प्रथम वर्षाला पर्यावरणशास्त्र मराठीतून शिकवते आणि एका शब्दापाशी अडले आहे.

विषय कॅलिफोर्नियातल्या ‘हेच हेची’ नावाच्या खोऱ्याचा. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्को बेचिराख झालं, पाण्याची मागणी जोर धरू लागली. अमेरिकेच्या वनखात्याचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंशो म्हणत, निसर्ग जपून वापरा, पण वापरा. शहराच्या पाण्यासाठी या खोऱ्यात धरण होऊ द्या. निसर्गलेखक जॉन म्यूर म्हणत, योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या या खोऱ्याला हात लावू नका. १९१३ मध्ये धरणाला परवानगी देणारा कायदा झाला, १९२३ मध्ये धरण उभं राहिलं.

आपल्याकडे दोन्ही भूमिकांना सर्रास ‘संवर्धन’ म्हणतात. मग भांडण कशावरून, हेच मुलांना कळत नाही! मी फळ्यावर ‘जपून वापर’ आणि ‘जतन’ असं लिहिलं. बरोबर वाटतं का?

तेवढ्यात कोयनेच्या धरणग्रस्त घरातली एक मुलगी उठली. “मॅडम, तिथं माणसं नव्हती का?” होती. मिवोक हे तिथले मूळ आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथं येत होते. त्या वादात त्यांना कुणी विचारलंच नाही. खडू हातातच राहिला माझ्या.

या तिसऱ्या बाजूला नेमका शब्द कोणता? विस्थापितांसोबत काम केलेल्यांनी जरूर सांगा. पुढचा तास सोमवारी आहे.