शाळेचं सॉफ्टवेअर शिक्षकांच्या तयारीसाठी कसं वापरावं? सल्ला हवा आहे

पर्यवेक्षिका
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत तीन वर्षांपासून व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर आहे. हजेरी, फी, वेळापत्रक, गुणपत्रकं सगळं त्यातच चालतं. यंदा शिक्षक प्रशिक्षणाचं काम माझ्याकडे आलंय. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळा भाग आहे, पण त्यात फक्त कोणी किती तास प्रशिक्षण घेतलं ते आणि प्रमाणपत्रं भरली जातात. त्यावरून वर्गात काय बदललं हे काहीच कळत नाही. त्यातच संस्थेनं शिक्षकनिहाय निकालाची सरासरी मागितली आहे. सुरुवात कुठून करू? कोणी हे नीट राबवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

गणित_शिक्षक
ताई, प्रमाणपत्रांचा भाग सध्या बाजूला ठेवा. खरा खजिना गुणांच्या नोंदींत आहे, पण त्यासाठी गुण प्रश्नवार भरायला हवेत. एकूण गुण भरले की ५० पैकी ३१ एवढंच दिसतं. प्रश्नवार भरले की कळतं, अ तुकडीला अपूर्णांकांची बेरीज जमते आणि ब तुकडीला जमत नाही, भूमितीत मात्र नेमकं उलटं आहे.

आम्ही हे एका घटक चाचणीपुरतं केलं. सगळ्या विषयांना लावलं असतं तर भरण्याच्या कामानंच लोक वैतागले असते. मग दोन्ही तुकड्यांच्या शिक्षकांनी एकत्र बसून उत्तरपत्रिका चाळल्या. ब तुकडीतली बरीच मुलं छेदांचीही बेरीज करत होती. अ तुकडीच्या बाईंनी कागदाच्या पट्ट्या दुमडून समच्छेद शिकवला होता, तो पाठ दुसऱ्या शिक्षकांनी जाऊन पाहिला आणि आपल्या वर्गात घेतला. सहा आठवड्यांनी त्याच प्रकारची पाच गणितं पुन्हा दिली. चूक कमी झाली, काही मुलांची राहिली, आणि ती मुलं कोणती हेही नावानिशी हाती आलं. माझ्या मते शिक्षकांची तयारी म्हणजे हेच.

वेळापत्रक_प्रमुख
वर म्हटलंय ते 'जाऊन पाहिला' प्रत्यक्षात अडतं कुठे, तर वेळापत्रकात. दोघांचा तास एकाच वेळी असेल तर कोण कुणाचा वर्ग पाहणार? सॉफ्टवेअरमध्ये शिक्षकनिहाय मोकळे तास काढता येतात. आम्ही त्यावरून जोड्या लावल्या आणि दर पंधरवड्याला एक तास 'पाठ पाहणे' म्हणून वेळापत्रकातच टाकला, म्हणजे त्या तासाला बदली तास लागत नाही. नुसतं 'जमेल तेव्हा जा' म्हटलं असतं तर वर्षभरात कुणी गेलं नसतं.

भाषा_बाई
मला धास्ती वाटते ती वेगळीच. आमच्याकडे पाठ निरीक्षणाचे शेरे सॉफ्टवेअरमध्ये भरायला लागले आणि तेच शेरे वार्षिक मूल्यमापनात निघाले. त्यानंतर निरीक्षणाच्या दिवशी सगळे हमखास जमणारा पाठ घेऊ लागले. जे जमत नाही ते दाखवायचं कुणाला?

गणित_शिक्षक
बाई, अगदी बरोबर. शिकण्यासाठीची नोंद आणि मूल्यमापनाची नोंद एकाच जागी नको. प्रत्येक भूमिकेला काय दिसावं हे अॅडमिनकडून ठरवून घेता येतं. आमची पाठ पाहण्याची नोंद फक्त त्या दोघांना दिसते. मुख्याध्यापकांना पाठ झाला की नाही एवढीच खूण दिसते. हे कामकाजात आणण्याआधी सर्वांसमोर एका शिक्षकाच्या लॉगिनमधून दाखवा. तोंडी आश्वासनापेक्षा त्याचा उपयोग होतो.

आणखी एक. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहतात आणि नंतर पाठावर चर्चा करतात. नजर शिक्षकावर नसून मुलांवर असते. म्हणून आमच्या नोंदीत गुण किंवा तारे नाहीत, दोनच रकाने आहेत: मुलं कुठे अडली, आणि पुढच्या वेळी काय करून पाहू. दुसरा रकाना शिकवणाऱ्यानं स्वतः भरायचा.

पर्यवेक्षिका
फार उपयोग होतोय, धन्यवाद. पण संस्थेनं मागितलेल्या सरासरीचं काय करू? नाही म्हणणं शक्य नाही.

परीक्षा_विभाग
द्या, पण मुलांची संख्या आणि तिचा अर्थ सोबत द्या. ३० मुलांच्या वर्गात एक मूल नापास झालं की उत्तीर्णांचं प्रमाण ३.३ टक्क्यांनी खाली येतं. सॉफ्टवेअर गैरहजर मुलाला शून्य धरतं का तेही तपासा. २९ मुलांची सरासरी ६० असेल आणि तिसावं मूल आजारी असेल, तर ती ५८ दिसते. यात शिकवण्याचा काय दोष?

शिवाय आकड्यावरच शिक्षकाची किंमत ठरली की प्रश्नपत्रिका सोप्या होऊ लागतात. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये चलनधोरणाबाबत हीच गोष्ट मांडली होती: मोजमापावर नियंत्रणाचा भार टाकला की ते मोजमाप बिघडतं. संस्थेला सरासरीसोबत हजेरीही दाखवून पाहा. २०० दिवसांच्या वर्षात ९० टक्के हजेरी चांगली वाटते, पण त्या मुलाचे २० दिवस बुडालेले असतात. ते कोणत्या वारी, कोणत्या तासाला बुडतात हे पाहिलं तर शाळेला करण्यासारखं काही सापडतं.

वेळापत्रक_प्रमुख
आणि एकच माहिती वहीत आणि सॉफ्टवेअरमध्ये अशी दोनदा लिहायला लावू नका. नवीन रकाना वाढवलात तर जुना एक बंद करा.

पर्यवेक्षिका
ठरलं. पहिल्या सत्रात फक्त सहावीचं गणित आणि दोन शिक्षकांची एकच जोडी. दोघांनाही आज विचारलं, तयार आहेत. भाषा बाईंची धास्ती आमच्याकडेही निघाली, म्हणून कोणती नोंद कुणाला दिसेल हे सोमवारच्या सभेत लॉगिन उघडूनच दाखवते. गणित शिक्षक, त्या पाच गणितांत समान छेदाची किती आणि वेगळ्या छेदाची किती ठेवली होती?

गणित_शिक्षक
दोन समान छेदाची, तीन वेगळ्या छेदाची. त्या तिनांपैकी एकात एक छेद दुसऱ्याच्या पटीत असू द्या, मूल नेमकं कोणत्या पायरीवर अडतं ते तिथे दिसतं.