हॅरी पॉटरच्या पाचव्या भागावर गाडी अडलीय, लेकीला पुढे काय देऊ?

चहाबाज_आई:
लेक तेरा वर्षांची. हॅरी पॉटरच्या पहिल्या चार भागांचा फडशा पाडला आणि पाचवा सुरुवातीलाच मिटून ठेवला. म्हणे "हा सारखा सगळ्यांवर खेकसतोय, आधीचा बरा होता." जादूबिदू हवीच आहे पण पात्रं खरंच मोठी झाली पाहिजेत, नुसती इयत्ता बदलली असं नको. इंग्रजी चालेल. सुचवा प्लीज.

रात्रवाचक:
ताई, पाचवा सोडू देऊ नका हो! चौथ्याच्या शेवटी शाळेतला सेड्रिक हॅरीच्या डोळ्यांदेखत मेलाय, नंतर सुट्टीत कोणी धड काही सांगत नाही, हेडमास्तर डम्बलडोर तर नजरही देत नाही, पंधरा वर्षांचा पोरगा खेकसणार नाही तर काय. आणि हॅरीचा कंटाळा आला तर तिला त्याच्या वर्गातल्या नेव्हिलवर लक्ष ठेवायला सांगा. त्याच भागात हॉस्पिटलचा प्रसंग आहे, छळामुळे भान हरपलेली त्याची आई त्याला च्युइंगगमचा रिकामा कागद देते, आजी म्हणते टाक तो कचऱ्यात, आणि हा गुपचूप खिशात घालतो. सातव्यात तो तलवार चालवतो त्याचं सगळे कौतुक करतात, मला विचाराल तर तो इथेच मोठा झालेला असतो.

खारेदाणे:
+१ नेव्हिल. पण मी जरा वेगळं सुचवते, उर्सुला ले ग्विनची अर्थसी मालिका. पहिलं पुस्तक १९६८ चं. गेड नावाचा पोरगा, अंगात जादू भरपूर आणि गुर्मी त्याहून जास्त, शाळेत एकाशी ईर्ष्येला पेटून मेलेल्या बाईला बोलावतो आणि त्यातून एक सावली सुटून त्याच्या मागे लागते. आधी नुसता पळत सुटतो, मग गुरू सांगतो की आता उलटा फीर आणि तूच तिचा पाठलाग कर. शेवट सांगत नाही. लढाया कमी, वेग संथ, पन्नासेक पानं धीर धरावा लागेल. दुसऱ्यात तेनार नावाची मुलगी आहे, लेकीला ती जास्त आवडेल. चौथं, तेहानू, आलं तिसऱ्यानंतर अठरा वर्षांनी, त्यात गेडची जादू संपलीय आणि तो शेळ्या राखतो. माझं सगळ्यात लाडकं, पण एका लहान मुलीवरच्या अत्याचाराचा विषय आहे, आत्ता नको, आणि देण्याआधी तुम्ही वाचा.

पाटीवरचा_खडू:
एवढं जड कशाला राव. पर्सी जॅक्सन द्या, ग्रीक देवाचा माणसाच्या पोटी जन्मलेला पोरगा. पहिल्या पाच भागांत बारापासून सोळापर्यंत येतो, सांगतो स्वतःच, त्यामुळे विनोद चालू असतात. शेवटी देव अमरत्व देऊ करतात तर ते नाकारून हा मागतो काय, तर तुमच्या पोरांना वेळेवर आपलं म्हणा. लूककडेही बघा, बापावरच्या रागाने वाट चुकलेला मुलगा आहे तो, साधा व्हिलन नाही.

रात्रवाचक:
लूकचं पटलं. पण पर्सी पहिल्या दोन भागांत तरी बराचसा तसाच राहतो.

पाटीवरचा_खडू:
राहू दे की, बारा-तेरा वर्षांचाच आहे.

चहाबाज_आई:
पर्सीचे पाचही भाग भाच्याकडे आहेत, आधी तेच फुकटात उचलते. अर्थसीचे पहिले दोन मागवते, तेहानू माझ्यासाठी. खारेदाणे, तिसरं मध्ये गाळलं तर चालेल का?

खारेदाणे:
नाही चालणार, जादू जाते ती तिसऱ्यातच.